परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीसाठी अर्ज : पात्रता, अर्जलेखन आणि कागदपत्रे

पदवीनंतर एक-दोन वर्षे परदेशात इंग्रजी शिकवावे, असा विचार तुमच्यापैकी अनेक जण करतात. अशा वेळी पहिला प्रश्न सहसा असा असतो : "माझे इंग्रजी पुरेसे चांगले आहे का?" प्रत्यक्षात अर्जाची छाननी या प्रश्नापासून सुरू होत नाही. तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, तुमचे शिक्षण कोणत्या माध्यमातून झाले आणि तुमच्याकडे अध्यापनाची पदवी आहे का, हे आधी पाहिले जाते. इंग्रजीचा कस त्यानंतर लागतो. हा क्रम लक्षात घेतला नाही, तर फी आणि महिने दोन्ही वाया जातात.

1. पात्रता : तीन देशांची उदाहरणे

*दक्षिण कोरिया.* भाषा-शिक्षकांसाठीचा ई-2 व्हिसा इंग्रजीसाठी सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. या यादीत भारत नाही. मात्र भारत-कोरिया सर्वंकष आर्थिक भागीदारी करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला. त्यामुळे पदवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांना शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून वाव मिळाला. म्हणजे इथे नुसती बी.ई. पदवी चालत नाही.

*जपान.* इथे सहायक भाषा-शिक्षकासाठी कोणत्याही विषयाची पदवी चालते; अभियांत्रिकीचीही. पण शाळेत शिकवण्यासाठी लागणाऱ्या 'इन्स्ट्रक्टर' निवास-परवान्यासाठी, जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान 12 वर्षे शिक्षण झालेले असावे, अशी अट आहे. ही अट महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी फार महत्त्वाची आहे. पुढील हिशेब पाहा :

- पहिलीपासून इंग्रजी माध्यम : शाळा 10 + कनिष्ठ महाविद्यालय 2 + बी.ई. 4 = 16 वर्षे. अट पूर्ण.
- दहावीपर्यंत मराठी माध्यम : 2 + 4 = 6 वर्षे. अट अपूर्ण.
- सेमी-इंग्रजी : गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून शिकलात, तर ती वर्षे आपणच मोजून टाकू नका. कोणतीही फी भरण्याआधी नोकरी देणाऱ्या संस्थेला लेखी विचारा.

जपान सरकारचा 'जेट' कार्यक्रम 1987 मध्ये सुरू झाला. त्याचे अर्ज आपापल्या देशातील जपानी दूतावासामार्फत घेतले जातात. भारतीयांसाठीच्या जागा मोजक्या असतात.

*थायलंड.* इंग्रजी मातृभाषा नसलेल्या उमेदवारांकडून आयईएलटीएस किंवा टोईकसारख्या परीक्षेचे गुण मागितले जातात. नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसा आणि कामाचा परवाना, दोन्ही लागतात.

थोडक्यात, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला जपानची शाळा अवघड आहे. पण इंग्रजी विषय घेऊन बी.एड. केल्यास कोरियाचा आणि परीक्षेचे गुण असल्यास थायलंडचा विचार करता येतो. इंग्रजी कच्चे म्हणून जपान अवघड जाते असे समजू नका. अडचण नियमाची आहे, म्हणून देश निवडताना नियम आधी वाचा.

2. अध्यापन प्रमाणपत्र

'टेफल' हा प्रमाणपत्रांचा प्रकार आहे, एका संस्थेचे नाव नाही. त्यामुळे दर्जात मोठा फरक पडतो. केंब्रिजच्या 'सेल्टा' अभ्यासक्रमात किमान 120 तासांचे शिक्षण असते आणि खऱ्या विद्यार्थ्यांसमोर 6 तास शिकवून दाखवावे लागते. कोणताही अभ्यासक्रम निवडताना एवढेच विचारा : यात मला प्रत्यक्ष वर्ग घ्यायला मिळेल का?

3. अर्जात काय लिहावे?

बहुतेक अर्ज स्वतःच्या इंग्रजीबद्दल बोलतात. वाचणाऱ्याला मात्र तुम्ही शिकवू शकता का, हे जाणून घ्यायचे असते. पुढील दोन विधाने ताडून पाहा.

अ) "माझे इंग्रजीवर प्रभुत्व असून मला शिकवण्याची आवड आहे."

आ) "डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातील 40 विद्यार्थ्यांचा आठवड्यातून दोन तास संभाषण-वर्ग घेतला. आठ-आठ जणांचे गट केल्यामुळे प्रत्येकाला दर आठवड्याला दोन मिनिटे बोलावेच लागे."

दुसऱ्या विधानात वर्गाचा आकार, वेळ आणि पद्धत कळते. तुमच्याकडे असा अनुभव नसेल, तर कनिष्ठ विद्यार्थ्यांना किंवा वस्तीतल्या मुलांना दोन-तीन महिने शिकवा आणि त्याची नोंद ठेवा. मराठीभाषकाला इंग्रजीतील 'अ' आणि 'द' ही उपपदे का अडखळवतात, हे तुम्हाला स्वानुभवाने माहीत आहे. जपानी आणि कोरियन भाषांतही अशी उपपदे नाहीत. इंग्रजी आपण शिकून मिळवले, ही बाब लपवू नका. ती तुमची जमेची बाजू आहे.

नमुना पाठ मागितल्यास एकच छोटे उद्दिष्ट घ्या. पाच मिनिटांच्या पाठात तुम्ही दोन मिनिटांपेक्षा जास्त बोललात, तर विद्यार्थ्यांना बोलायला वेळ उरत नाही.

4. कागदपत्रे

1. *नाव :* गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर आईचे नाव आणि पासपोर्टवर वेगळाच क्रम, असे आपल्याकडे सर्रास दिसते. विवाहानंतर नाव बदलले असल्यास राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावे लागते. हे काम आधी उरका.
2. *माध्यमाचा दाखला :* शाळा आणि महाविद्यालय, दोन्हीकडून घ्या.
3. *अपॉस्टिल :* भारतात ही पद्धत 2005 पासून लागू आहे. पदवी प्रमाणपत्राची पडताळणी आधी राज्य शासनाकडून होते, मग परराष्ट्र मंत्रालय अपॉस्टिल करते. मंत्रालयाचे शुल्क प्रति कागद 50 रुपये आहे. अधिकृत सेवा केंद्राचे शुल्क वेगळे. एखादा दलाल हजारो रुपये मागत असेल, तर कशाचे किती, ते लेखी घ्या.
4. *पोलीस पडताळणी प्रमाणपत्र :* पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळते.

5. फसवणूक कशी ओळखावी?

कायदेशीर नोकरीत परवानगीची सुरुवात नोकरी देणारा करतो. उदाहरणार्थ, जपानमधील संस्था तिथल्या इमिग्रेशन कार्यालयाकडून पात्रता प्रमाणपत्र मिळवते आणि मग तुम्ही व्हिसासाठी अर्ज करता. म्हणून "आधी पर्यटक व्हिसावर या, बाकीचे इथे करू," असे कोणी सांगितले तर तिथेच थांबा. दलालाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत दलालाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. मूळ पासपोर्ट आणि मूळ पदवी कोणाच्याही ताब्यात ठेवू नका.

सारांश

आधी नियम, मग अनुभव, मग अर्ज आणि सर्वांत शेवटी पैसे, हा क्रम पाळा.

स्वाध्याय

1. तुमचे इंग्रजी माध्यमातील शिक्षण किती वर्षांचे झाले? वर्षनिहाय तक्ता करा.
2. तुमच्या सर्व कागदपत्रांवरील नावाचे स्पेलिंग आणि क्रम ताडून पाहा.
3. स्वतःच्या अनुभवावर आधारित, 'आ' विधानासारखी तीन वाक्ये इंग्रजीत लिहा.