बांधातून गढूळ पाणी आलं तर



मागच्या वेळी आपण पावसाळ्याच्या तयारीवर बोललो. त्यानंतर काही गटांनी विचारलं, "आमच्याही गावाच्या वर तलाव आहे. त्याचा बांध धड आहे का, हे आम्हाला कसं कळणार? आम्ही काय इंजिनिअर आहोत का?" आज त्याच प्रश्नावर बोलू या.

आम्हीही तलावाच्या खाली राहणाऱ्या बाया. आमचा तलाव १९७२ च्या दुष्काळातला. आमच्या सासवांनी डोक्यावर पाट्या वाहून त्याचा भराव घातला. तेव्हा दुष्काळी कामांवर राज्यभर असे पाझर तलाव झाले. धरण म्हटलं की आपल्याला कोयना, जायकवाडी आठवतं. पण आपल्या घरावर लक्ष ठेवून बसलेला असतो तो हा गावचा तलाव. मोठ्या धरणावर चौकीदार असतो, इंजिनिअर असतो. लहान तलावावर वर्षभर कोण जातं? गुरं पाण्यावर नेणारी, धुणं धुणारी, गवत कापणारी बाई. म्हणून तिला काय बघायचं ते ठाऊक हवं.

आधी बांध उभा कसा असतो ते समजून घेऊ. मातीच्या धरणाच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा असतो. तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं जाड पांघरूण असतं, ते गाभ्याला आधार देतं. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती धुपू नये म्हणून दगड लावलेले असतात. खालच्या उताराला गवत, आणि पायथ्याशी दगडांचा निचरा. शेताला पाणी सोडायला बांधाखालून नळ काढलेला असतो. आणि एका कडेला सांडवा, म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी जायची वाट.

आता मुख्य गोष्ट. मातीचा बांध थोडा झिरपतोच. आपला माठ पाझरतो, तेव्हाच पाणी गार होतं ना? पण माठाला तडा गेला, धार लागली, की आपण तो लगेच बाजूला ठेवतो. बांधाचंही तसंच. पायथ्याच्या निचऱ्यातून स्वच्छ पाणी थोडं थोडं येत असेल आणि वर्षानुवर्षं तेवढंच असेल, तर घाबरायचं कारण नाही. पाणी गढूळ आलं तर मात्र ते बांधाच्या पोटातली माती घेऊन येतंय. आत वाट पडतेय. ही वाट बाहेरून आत, तलावाच्या पाण्याकडे वाढत जाते. ती पाण्याला भिडली की मग दिवस नाही, काही तासच हाती उरतात.

आम्हाला हे कळलं ते एका हिरव्या ठिपक्यावरून. दोन वर्षांपूर्वी ऐन चैत्रात सगळं रान करपलेलं असताना बांधाच्या पायथ्यापासून वीसेक पावलांवर लव्हाळा हिरवागार उभा होता. शेळ्या चारणाऱ्या आमच्या मैत्रिणीला वाटलं, बरं झालं, चारा मिळाला. पुढे श्रावणात तलाव भरला आणि त्याच जागी पाण्याची उकळी फुटलेली दिसली. भोवती बारीक मातीचं कडं साचलं होतं. आम्ही काचेच्या बाटलीत ते पाणी भरलं आणि रात्रभर चुलीशेजारी ठेवलं. सकाळी बाटलीच्या तळाशी गाळाचा थर बसला होता.

बाटली घेऊन आम्ही कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "पावसाळ्यात ओल असतेच." परत आलो, ग्रामसभेत ठराव करून घेतला, लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. अर्जाला आमची वही जोडली होती. त्या जागी दहा लिटरची बादली किती वेळात भरते, पाणी कसं आहे आणि तलाव किती भरलाय, हे आम्ही रोज लिहीत होतो. बादली आधी सहा मिनिटांत भरायची, मग चार मिनिटांत भरू लागली. तोंडी तक्रारीला जे जमलं नाही ते त्या आकड्यांनी केलं. पाहणी झाली आणि तलावातलं पाणी हळूहळू कमी करायचं ठरलं.

खरी परीक्षा इथे होती. पाणी कमी म्हणजे रब्बी अर्धी. वरच्या आळीतले म्हणाले, "बायकांच्या बाटलीपायी आमचा कांदा जाणार." आमच्याच गटातल्या चौघींनी कर्ज काढून रोपं टाकली होती. त्या रात्री बैठकीत कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "पाट्या आम्ही वाहिल्या. माती किती भरली ते मला माहीत आहे. ती सुटली तर कांदा ठेवायला घर राहील का?" त्या वर्षी चौघींचं नुकसान झालं. गटाने त्यांचे हप्ते सांभाळून घेतले. पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्ती झाली.

दुरुस्तीत एक गोष्ट शिकलो, ती सगळ्यांनी लक्षात ठेवा. खालच्या बाजूने पाणी येतंय म्हणून तिथे चिखल किंवा सिमेंट कोंबून भोक बुजवायचं नसतं. कोंडलेलं पाणी दुसरीकडून जोराने फुटतं. तिथे आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर देतात. पाणी बाहेर पडतं, माती आत राहते. आपण तांदूळ धुताना रोवळीत तेच करतो. पण हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच करायचं.

आता फेरीला गेल्यावर आणखी काय बघायचं?

सांडवा आधी बघा. मातीच्या धरणावरून पाणी कधीच जाता कामा नये. माथ्यावरून पाणी वाहू लागलं की माती कापत जाते. म्हणून सांडव्यात झुडपं, मासेमारीची जाळी, गाळ काही नको. कुठे कुठे हातभर जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचतात. ती हातभर लालूच बांधाच्या जिवावर येते.

मग माथ्यावरून चाला. लांब भेग, खचलेला भाग, गाड्यांनी पडलेली चाकोरी दिसते का? बांधावर झाडं वाढलीत का? बाभूळ, पिंपळ यांची मुळं आत शिरतात आणि झाड वाळलं की मुळांच्या जागी पोकळी राहते. पण मोठं झाड आपल्या मनाने उपटू नका. खड्डा नीट भरावा लागतो. घुशी, साळिंदर, खेकडे यांची बिळं, वारुळं दिसली तर जागा लिहून ठेवा.

जिथे माती दगडी बांधकामाला किंवा नळाला भिडते, तिथे जास्त लक्ष द्या. पुण्याजवळचं पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, तेव्हा त्याचं काम अजून पुरं झालं नव्हतं, आणि पाणी सोडायच्या नळाच्या जागी भराव खचत गेला होता. जवानांनी पोती रचून वेळ मिळवून दिला, तरी पुणं पाण्याखाली गेलं.

आणि तिवरे तर आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं हे लघुपाटबंधाऱ्याचं धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं गेली. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. नंतर खेकड्यांना दोष दिला गेला. खेकडा बीळ करतो हे खरं. पण बीळ वेळेवर बुजवायचं काम खेकड्याचं नाही.

तुमचा तलाव कुणाच्या ताब्यात आहे, हे आधी ग्रामपंचायतीत विचारा. जिल्हा परिषद, मृद व जलसंधारण विभाग किंवा जलसंपदा विभाग, यांपैकी कुणीतरी असतं. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात, आणि १० ते १५ मीटरमधली काही ठरावीक धरणं. गावचे बरेच तलाव त्याहून लहान असतात, म्हणून त्यांच्यासाठी ग्रामसभेचा ठराव फार मोलाचा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथेच विषय मांडा. पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक पाहणी मागा.

आणि एक दिवस खरंच गढूळ धार दिसली, पाण्यात भोवरा दिसला किंवा बांध खचताना दिसला तर? बांधावर बघायला गर्दी करू नका. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी यांना कळवा. ११२ ला किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करा. ओढ्याकाठच्या घरांना आधी उठवा. ओढ्याच्या वाटेने पळू नका, आडवं होऊन उंचावर चढा. म्हातारी माणसं, बाळंतीण, लहान पोरं कोण उचलणार, हे आजच ठरवा. गुरांची दावी सोडा, ती आपली वाट शोधतात. तिवरे रात्री फुटलं, हे विसरू नका.

आमच्या गटात आता दर सोमवारी दोघींची पाळी असते. एक वही, एक बाटली, एक बादली, एवढंच सामान. पावसाळ्यात रोज जातो. मृग लागायच्या आत तुमच्या गटानेही एक फेरी मारावी आणि वहीचं पहिलं पान लिहावं. काय दिसलं ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.