कर्करोगाचें नवें औषध आणि पोटाची तक्रार

सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या म्हसावदसारख्या गांवाहून कर्करोगाचा रोगी मुंबईस जातो, औषध टोंचून घेतो आणि घरीं परततो. पुढील कित्येक आठवडे तो डॉक्टरांच्या नव्हे, तर घरच्या माणसांच्या नजरेखालीं असतो. म्हणूनच ‘इम्यूनोथेरपी’ या उपचाराची एक बाजू वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

रक्तांतील पांढऱ्या पेशी म्हणजे देहाचे पहारेकरी. त्यांनीं स्वकीयांवरच शस्त्र धरूं नये म्हणून निसर्गानें त्यांस लगाम घातला आहे. कर्करोग याच लगामाचा फायदा घेतो. तो सैल करण्याची युक्ति शोधल्याबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन व जपानचे तासुकु होन्जो यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉक्टरांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, डोकें व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगावर गोळ्यांच्या जोडीस ‘निव्होलुमॅब’ नेहमींच्या मात्रेच्या दशांशाहूनहि कमी दिलें. तरी वर्षभर जगणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १६ वरून ४३ वर गेलें.

परंतु लगाम सुटलेले पहारेकरी कधीं कधीं आपल्याच आतड्यांवर तुटून पडतात. मग जुलाब, मुरडा, शौचांतून आंव किंवा रक्त हीं लक्षणें दिसतात. बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत, क्वचित् औषध थांबल्यावरहि. घरांतील वडील मंडळी अशा वेळीं कुड्याची साल किंवा बेलाचा मुरंबा पुढें करतात. साध्या अपचनांत त्यास आमची हरकत नाहीं. येथें मात्र त्यांत दवडलेले दिवस आतड्यास भोंक पडण्यापर्यंत नेऊं शकतात. जुलाब बांधणारी गोळीहि विचारल्याविना देऊं नये.

रोज किती वेळां शौचास झालें याची टिपणी ठेवावी. नेहमींपेक्षां चार वेळां अधिक झाल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. सात वेळां अधिक झाल्यास, अथवा रक्त, ताप वा तीव्र पोटदुखी असल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या डॉक्टरांस औषधाचें नांव व टोंचल्याची तारीख लिहिलेला कागद आधीं दाखवावा, कारण याचा उपचार निराळा आहे. जंतुसंसर्ग नाहीं हें तपासून स्टेरॉइड देतात. त्यानें न भागल्यास ‘इन्फ्लिक्सिमॅब’ किंवा ‘व्हेडोलिझुमॅब’ देतात. स्टेरॉइड मात्र एकाएकीं बंद करूं नये.

वेळींच उपचार झाल्यास बहुतेक रोगी बरे होतात. औषध बंद होईल या भीतीनें, किंवा संकोचानें, रोगी ही तक्रार लपवितो. तेव्हां घरच्यांनींच ती आपुलकीनें विचारून घ्यावी, अशी आमची विनंति आहे.