झूल पांघरलेल्या गाड्या

थंडीत नगर-पुणे रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा असतो. केडगावच्या आसपास अशाच एखाद्या ट्रॉलीमागे कधी एक चमत्कारिक मोटार रखडलेली दिसते. बोनेटपासून डिकीपर्यंत काळी-पांढरी वेटोळी छापलेला चिकटकागद, कंपनीचं नाव नाही, चिन्ह नाही, मागे लाल नंबरपाटी. पोळ्याला बैलावर झूल घालतात ती बैल उठून दिसावा म्हणून. या गाडीची झूल लपवण्यासाठी असते, आणि नेमकी तिच्यामुळेच पोरं ती गाडी ओळखतात.

अशी गाडी इथे दिसण्यात नवल नाही. पुण्याकडून येताना रांजणगावचे कारखाने याच वाटेवर लागतात, आणि केडगावहून थोड्याच अंतरावर, दौंड रस्त्याच्या बाजूला, ‘व्हीआरडीई’ आहे. डीआरडीओची ही वाहन संशोधन संस्था. रणगाड्यांचं संशोधन 1970 च्या दशकात चेन्नईजवळच्या आवडीला गेलं. चाकांवरच्या लष्करी वाहनांचं काम नगरला राहिलं. टाटांसोबत घडवलेलं, पाण्यातही चालणारं आठ चाकी चिलखती वाहन इथलंच. पण संस्थेला नागरी बाजूही आहे. नवं मॉडेल बाजारात आणण्याआधी त्याचा नमुना तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियम 126 मध्ये त्यासाठी नेमलेल्या संस्थांत पुण्याच्या एआरएआयसोबत व्हीआरडीईही आहे. चाचणीचे ट्रॅक, दिव्यांच्या प्रकाशाचं मोजमाप आणि विद्युतचुंबकीय तपासणी या तिच्या खास बाजू.

झुलीची युक्ती मात्र समुद्रावरची. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने जहाजांवर भडक तिरपे पट्टे रंगवायला लावले. जहाज लपावं हा हेतू नव्हताच. पाणबुडीतून बघणाऱ्याला त्याची दिशा आणि वेग नीट कळू नये, एवढंच हवं होतं. मोटारीवरची वेटोळी तेच करतात. गाडी दिसते, पण पत्र्याची धार कुठे वळली, खळगा कुठे आहे, ते डोळ्याला पकडता येत नाही. शिवाय कागदाखाली फोमचे तुकडे आणि खोटे पत्रे लावून आकारच बदललेला असतो.

तरी सगळं झाकता येत नाही. दोन चाकांमधलं अंतर लपत नाही, काचांची उंची लपत नाही, इंजिनाचा आवाज तर नाहीच नाही. स्पोर्ट्स कार असेल तर बुटकं छत आणि मागचे रुंद टायर चुगली करतात. दारामागे हवेच्या खिडक्या दिसल्या की समजावं, इंजिन पाठीशी आहे. 2012 साली दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने दाखवलेली ‘अवंती’ याच घडणीची होती. गाडीच्या मागे नळ्या जोडलेली पेटी टांगलेली असेल, तर तो धूर मोजण्याचा संच. 1 एप्रिल 2023 पासून बीएस-6 चा दुसरा टप्पा आला आणि प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावरचा धूरही हिशेबात धरला जाऊ लागला.

युरोपातल्या कंपन्या हिवाळी चाचणीला स्वीडनमधल्या आर्येप्लोगच्या गोठलेल्या तळ्यांवर जातात. आपल्याकडे तशा थंडीसाठी लडाख गाठावं लागतं. नगरच्या थंडीत बर्फ नाही, पण बघणाऱ्याची सोय आहे. सकाळचं तिरपं ऊन अंगावर पडलं की झुलीखालची वळणं सावलीने उघडी पडतात. भर दुपारी ती सपाट होतात. आणि रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अचानक समोर आली, तर दिव्यांची आणि ब्रेकची जी परीक्षा होते, ती स्वीडनच्या तळ्यावर होणार नाही.

म्हणून अशा गाड्या हेरण्याचा छंद असेल त्यांना एवढंच सांगणं: झूल पांघरलेल्या गाडीचा पाठलाग करू नका. ती परीक्षेला निघालेली असते; ब्रेक कधी आणि किती जोरात लागेल, याचा नेम नाही. संस्थेच्या भिंतीजवळ कॅमेरा तर काढूच नका, ती लष्करी कामाची जागा आहे. रस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीवरून बघा. चाकं मोजा, आवाज ऐका आणि गाडीला जाऊ द्या.