फर्नेस विझते तेव्हा

शिकागो किंवा टोरंटोच्या जानेवारीत, बाहेरचा पारा शून्याखाली वीस अंशांवर उतरला असता, तळघरातील गॅसची फर्नेस थोडा वेळ चालून विझते, पुन्हा पेटते आणि पुन्हा विझते, तेव्हा तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात पहिला उद्गार निघतो तो 'फर्नेस बिघडली' असाच; परंतु यंत्राची बाजू ऐकून घेतली तर असे दिसते की, बिघाड बहुधा क्षुल्लक असून, ज्या बंद पडण्यास आपण दोष देतो ती त्या यंत्रातील सर्वांत विचारपूर्वक केलेली तजवीज आहे.

न पेटलेला गॅस साचला तर काय अनर्थ होतो, याचा दाखला टेक्सासमधील न्यू लंडन या गावाने १८ मार्च १९३७ रोजी दिला. शाळेच्या इमारतीखाली साठलेल्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जीव गेले, आणि त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. नैसर्गिक गॅसला स्वतःचा गंध नसतो. त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्ती झाली ती या दुर्घटनेनंतर. आजची फर्नेस मात्र माणसाच्या नाकावर विसंबून राहत नाही. थर्मोस्टॅटने उष्णतेची मागणी केली म्हणून गॅस लगेच सुटत नाही: प्रथम इंड्यूसर हा छोटा पंखा ज्वलनकक्षातील हवा बाहेर घालवितो, ती खरोखरच बाहेर जात आहे अशी ग्वाही प्रेशर स्विच देतो, मग इग्नायटर लालबुंद होतो, व्हॉल्व्ह उघडतो, आणि ज्वाला पेटल्याचे काही सेकंदांत सिद्ध झाले तरच गॅस चालू ठेवण्याची मुभा मिळते. मोठा ब्लोअर घरात ऊब पाठवू लागतो तो त्यानंतर. यांतील एका पायरीवरही शंका आली की नियंत्रक काम थांबवितो, पुन्हा प्रयत्न करतो, आणि असे काही प्रयत्न फसल्यावर बहुधा तासभर सारे कामकाज तहकूब ठेवतो.

म्हणून फर्नेस का विझते, हे विचारण्यापूर्वी ती नेमकी केव्हा विझते, हे घड्याळ हाती घेऊन पाहावे.

ज्वाला पेटून पाच-दहा सेकंदांतच विझत असेल, तर संशयाची सुई प्रथम फ्लेम सेन्सरकडे वळते. बर्नरच्या पुढे, चिनी मातीच्या बुडख्यात बसविलेली ही धातूची बारीक काडी ज्वालेत उभी असते. ज्वालेतील विद्युतभारित कणांमुळे ज्वालेतून वीज वाहू शकते. काडी लहान आणि बर्नरचा पृष्ठभाग मोठा असल्याने तो प्रवाह मुख्यतः एकाच दिशेने जातो, आणि नियंत्रक ही एकदिशताच ज्वालेची खूण मानतो. काडी चुकून बर्नरला टेकली तर प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो आणि ही लबाडी तत्काळ उघडकीस येते. असा चोख बंदोबस्त पाहून कोणाही जुन्या कारकुनाने मान डोलावली असती. प्रवाह मात्र अगदी क्षीण, अँपिअरच्या दशलक्षांशात मोजावा असा. त्यामुळे काडीवर काचेसारखा पातळ थर चढला की समोर ज्वाला धडधडत असूनही नियंत्रकाच्या दप्तरी तिची नोंद होत नाही. वीज आणि गॅस दोन्ही बंद करून, एक स्क्रू काढून, बारीक स्टील वूलने ती काडी हलकेच घासावी. जाड सँडपेपर वापरू नये, त्याने ओरखडे उठतात.

फर्नेस कित्येक मिनिटे नीट चालून विझत असेल, आणि ज्वाला गेल्यावरही ब्लोअर फिरत राहत असेल, तर फिल्टर काढून पाहावा. तो धुळीने गच्च झाला की पुरेशी हवा खेळत नाही, हीट एक्स्चेंजर अतितप्त होतो आणि लिमिट स्विच गॅस तोडतो. गॅसचे बिल वाचावे म्हणून रिकाम्या खोल्यांतील झरोके बंद करणारी काटकसरही अनेकदा याच संकटास निमंत्रण देते.

आणि ज्वाला मुळी पेटतच नसेल, इंड्यूसर मात्र घोंघावत असेल, तर प्रथम घराबाहेर जाऊन धूर बाहेर नेण्यासाठी भिंतीतून निघालेली प्लॅस्टिकची नळी बर्फाखाली गाडली गेली आहे काय, हे पाहावे. अधिक कार्यक्षम फर्नेसमध्ये धूर इतका निवतो की त्यातील बाष्पाचे पाणी होते. त्या पाण्याचा निचरा तुंबला तरीही प्रेशर स्विच ग्वाही देत नाही.

नियंत्रकावरील छोटा दिवा ठरावीक संख्येने लुकलुकून आपली तक्रार नोंदवीत असतो, आणि तिचा तक्ता फर्नेसच्या दाराच्या आतील बाजूस चिकटविलेला असतो. वीज बंद करण्यापूर्वी ते लुकलुकणे मोजून ठेवावे. काही यंत्रांत वीज जाताच ती नोंद पुसली जाते.

येथपर्यंतचे काम गृहस्थाने करण्यास हरकत नाही. परंतु ज्वाला बर्नरबाहेर फाकल्यास उघडणारा रोलआउट स्विच पुन्हा पुन्हा दाबणे, किंवा एखादा स्विच तारेने जोडून वगळणे, हा उपद्व्याप सर्वथा वर्ज्य समजावा. तेथे मामला तुंबलेल्या धुराड्याचा किंवा हीट एक्स्चेंजरला गेलेल्या चिरेचा असू शकतो, आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला कसलाच वास नसतो; तो ओळखणारा अलार्म झोपण्याच्या खोल्यांजवळ असलाच पाहिजे. तो वाजला, अथवा गॅसचा वास आला, तर दिव्याचे बटणही न दाबता घरच्या सर्वांनी, थंडी कितीही असो, बाहेर पडावे आणि फोन बाहेरूनच करावा.