साखरपाण्याचा पहारेकरी

अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यात कित्येक अंगणांतून साखरपाण्याची बाटली टांगलेली दिसते. एक भाग साखर, चार भाग पाणी. ही मेजवानी असते गुंजनपक्ष्यांसाठी. (हे पक्षी आपल्याकडे नाहीत, आपल्या फुलांवर येणारा शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी, त्याचे कुळ वेगळे.) बाटली काठोकाठ भरलेली असली, तरी लाल गळ्याचा एखादा नर जवळच्या काटकीवर ठाण मांडतो आणि येईल त्याला हुसकावून लावतो. वजन अवघे ३ ग्रॅम, पण दरारा पाहावा! इतरांना मात्र उपाशी राहणे परवडत नाही. हिवाळ्यापूर्वी त्यांतील अनेकांना मेक्सिकोचे आखात ओलांडायचे असते आणि त्यासाठी वजन जवळजवळ दुप्पट करावे लागते.

मग त्या दांडग्याला हाकलावे काय? उपयोग नाही, त्याची जागा दुसरा पटकावतो. त्यापेक्षा विद्यार्थिमित्रांनो, त्याचा जमाखर्च पाहा. पाठलागात शक्ती खर्च होते. राखणीच्या खर्चापेक्षा मिळकत जास्त असेल तरच हद्द राखणे पक्ष्याला परवडते, असे जेराम ब्राउन यांनी १९६४ साली मांडले. १९७५ मध्ये गिल आणि वुल्फ यांनी केनियातील सोनेरी पंखांच्या सूर्यपक्ष्यांचा असा हिशेब प्रत्यक्ष करून दाखवला.

तेव्हा पहारेकऱ्याचा खर्च वाढवावा. दुसरी बाटली घराच्या कोपऱ्यापलीकडे, त्याच्या काटकीवरून दिसणार नाही अशी टांगावी. किंवा चारपाच बाटल्या एकत्र टांगाव्यात. एकाचा पाठलाग होईपर्यंत तिघे पिऊन जातात! कडक उन्हात पाणी मात्र दर दोन दिवसांनी बदलावे, ते आंबते.