तुंगार्लीला मुक्काम, पण तंबू कोणता?

दिवाळी सरून थंडी पडायला लागली की मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांत एकच टुमणं सुरू होतं, ‘बाबा, या खेपेला तंबूत राहू या ना!’ बाबा आईकडे बघतात, आई बाबांकडे बघते आणि शेवटी सगळी वरात दुकानात जाते. तिथे रंगीबेरंगी तंबू मांडलेले असतात. प्रत्येकाच्या पिशवीवर तीन गोष्टी हमखास छापलेल्या असतात : ‘चार माणसांसाठी’, ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘दोन मिनिटांत उभा’.

यातलं किती खरं मानायचं, हे दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही. त्यासाठी आपण मनानं तुंगार्लीला जाऊ.

लोणावळ्याच्या डोक्यावर, ब्रिटिशांच्या काळात बांधलेल्या धरणाच्या अंगाला, तुंगार्लीचा हा माथा आहे. राजमाचीला पायी जाणारे ट्रेकर इथूनच पुढे निघतात. लोणावळाच मुळी समुद्रसपाटीपासून ६२० मीटरच्या वर आहे, आणि हे त्याहून उंच. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. मग घाटमाथ्यावरचं वारं सुटतं. मुंबईहून दुपारी निघालेलं कुटुंब गाडी, चहा, वडे करत पोचेपर्यंत उजेड संपत आलेला असतो. म्हणजे तंबू झटपट उभा राहणं ही काही नुसती चैन नाही. अंधारात, वाऱ्यात, लहान भाऊ रडत असताना दोरीचा गुंता सोडवत बसणं कसं असतं, ते विचारूच नका.

आता पहिली अडचण. तंबू म्हटलं की आपल्याला मेखा आठवतात. पण सह्याद्रीचा हा भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. माथ्यावर बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली दगडच लागतो. तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक तारेच्या मेखा दोन ठोक्यांत वाकड्या होतात. म्हणून आपल्याकडे पहिला नियम हा : मेख न ठोकताही जो स्वतःच्या पायावर उभा राहतो, तोच तंबू घ्यायचा. दोन लवचिक काठ्या एकमेकींवर फुलीसारख्या वाकवल्या की जो घुमट तयार होतो ना, तो असा तंबू. चुकीच्या जागी लावला तर चार कोपरे धरून तसाच उचलून पलीकडे ठेवता येतो. याउलट बोगद्यासारखे लांबट तंबू असतात, ते मेखांशिवाय लोळागोळा होतात. गवताळ, मऊ जमिनीच्या देशात ते छान. तुंगार्लीला नको.

पण घुमट उभा राहिला म्हणजे काम संपलं असं नाही. रिकामा तंबू वाऱ्यानं पतंगासारखा उडतो. मेख शिरत नसेल तर काय करायचं? २८ मे १९५३ ची रात्र आठवा. एव्हरेस्टच्या शिखराआधी सुमारे ८,५०० मीटर उंचीवर एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे यांनी आपला छोटा तंबू लावला. तिथल्या खडकात काही रुतेना. मग त्यांनी ऑक्सिजनच्या नळकांड्या बाजूच्या भुसभुशीत बर्फात पुरल्या आणि त्यांना तंबू बांधला! आपल्याकडे ऑक्सिजनच्या नळकांड्या नसल्या तरी तुंगार्लीला धोंड्यांना तोटा नाही. तणावे, म्हणजे तंबू ओढून धरणाऱ्या दोऱ्या, मोठ्या दगडांना बांधायचे आणि आतल्या कोपऱ्यांत जड पिशव्या ठेवायच्या. (जाता जाता : हिलरींचे बूट त्या रात्री तंबूबाहेर राहिले आणि सकाळी गोठून कडक झाले. ते गरम करण्यात दोन तास गेले. आपल्याकडे बूट गोठत नाहीत, पण बाहेर ठेवलेल्या बुटात विंचू मात्र शिरू शकतो.)

आता त्या ‘दोन मिनिटां’कडे येऊ. झटपट तंबू दोन जातींचे. एकात लवचिक कडी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. पट्टा सोडून हवेत फेकला की फट्‍कन उघडतो. फ्रान्सच्या डेकॅथलॉन कंपनीनं २००५ साली ‘दोन सेकंदांचा’ म्हणून तो बाजारात आणला आणि जगभर त्याच्या नकला झाल्या. उघडताना पोरं टाळ्या पिटतात. पण घडी घालायची युक्ती घरी शिकून घेतलेली नसेल, तर सकाळी सगळं घर त्याच्याशी कुस्ती खेळत बसतं. शिवाय त्याची घडी म्हणजे भली मोठी चकती. ती एसटीच्या रॅकवर मावत नाही आणि पाठीवरही धड बसत नाही. स्वतःची गाडी असेल आणि जागेपर्यंत ती जात असेल, तर हा तंबू जरूर घ्या.

दुसरी जात छत्रीसारखी. काठ्या आधीच जोडलेल्या, वरचा सांधा दाबला की पाय पसरतात. सोयीचा आहे खरा. पण छत्रीचं काय मोडतं? काडी किंवा सांधा! इथेही तेच. प्लॅस्टिकचा सांधा तडकला की सगळा तंबू आडवा, आणि तो सांधा सुटा मिळणं कठीण.

साध्या फुलीच्या घुमटात मात्र मोडण्यासारखं फार नसतं. नळीसारख्या काठीचे तुकडे आतल्या रबरी दोरीनं जोडलेले असतात, झटकले की खटाखट जुळतात. पहिल्या वेळी अर्धा तास लागेल. दोन-तीन वेळा सराव केला की दोघं मिळून दहा मिनिटांत उभा करतात. एक काठी गेली तर दुसरी घालता येते. फाटलं तर शिंपी किंवा चांभार शिवून देतो. माझं मत विचाराल तर, सुट्टीला बसनं किंवा लोकलनं जाणाऱ्या घरानं हाच घ्यावा आणि वाचलेले पैसे काठ्यांवर घालावेत. फायबरग्लासच्या काठ्या स्वस्त, पण उभ्या चिरतात आणि त्याचे कुसळासारखे तुकडे हातात घुसतात. ॲल्युमिनियमच्या महाग, पण हलक्या, आणि सहसा मोडण्याऐवजी वाकतात. स्वस्तातल्याच परवडत असतील तरी हरकत नाही. मग चिरलेल्या जागी चढवायला धातूची एक लहान नळी आणि चिकटपट्टीची गुंडाळी बरोबर ठेवायची.

‘चार माणसांसाठी’ या शब्दांची परीक्षा तर घरबसल्या होते. तंबूची लांबी-रुंदी विचारून घ्या आणि खडूनं फरशीवर तेवढा चौकोन काढा. झोपलेल्या एका माणसाला साधारण ६० सेंटिमीटर रुंदी धरतात. चौघांचे झाले २४० सेंटिमीटर. आता सगळे त्यात आडवे व्हा. दादाचं कोपर ताईच्या नाकात, आणि पिशव्या ठेवायला जागाच नाही! म्हणून चौघांच्या कुटुंबानं पाच किंवा सहा माणसांचा तंबू बघावा. त्याहून मोठा नको, कारण उंच भिंतीवर वारा जास्त आदळतो.

‘वॉटरप्रूफ’ची गंमत विज्ञानाच्या तासासारखी आहे. चांगल्या तंबूवर १५००, २०००, ३००० असे मिलिमीटरचे आकडे असतात. कापडावर एक उभी नळी धरून तीत पाणी भरत गेलं, तर किती उंचीला कापडातून थेंब पाझरू लागतात, तो हा आकडा. १५०० म्हणजे दीड मीटर पाणी तोललं. वरच्या छताला एवढं साधारण पुरतं. पण तळाचं काय? समजा, ५० किलो वजनाचं कोणी गुडघ्यांवर बसलं आणि दोन्ही गुडघे मिळून १०० चौरस सेंटिमीटर जागा टेकली. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. एवढा दाब द्यायला पाण्याचा पाच मीटर उंच स्तंभ लागेल! खालची जमीन ओली असेल तर तळ पाझरतो तो असा. म्हणून तळाचा आकडा छतापेक्षा मोठा हवा आणि खाली ताडपत्री हवी. ताडपत्री तंबूपेक्षा चार बोटं लहानच ठेवा. ती बाहेर डोकावली तर पावसाचं पाणी गोळा करून थेट तुमच्या अंथरुणाखाली आणते.

कापडाचा दुसरा आकडा ‘डेनियर’. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. लोणावळ्याहून निघून मळवली ओलांडेपर्यंत लांबच लांब धागा ताणला आणि तो १५० ग्रॅम भरला, तर तो १५० डेनियरचा. तळाला जाड धागा बरा, छताला मध्यम चालतो.

सकाळी उठल्यावर आतून ओलं दिसलं की सगळे दुकानदाराला नावं ठेवतात. बरेचदा ते पाणी आपल्याच श्वासाचं असतं! चार माणसं रात्रभरात मिळून बरंच पाणी श्वासातून बाहेर टाकतात. थंड कापडावर त्याचं दव होतं. म्हणून दुहेरी तंबू घ्या : आत जाळीचा, बाहेर पाणी अडवणारा, दोन्हींच्या मध्ये हवा खेळायला जागा. झरोके बंद करू नका, थंडी वाजली तर आणखी एक गोधडी घ्या.

आई-बाबांनी हे मात्र दोनदा वाचावं. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह तंबूच्या आत घेऊ नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस जागाच होत नाही. डासांची कॉइलही बाहेर, कारण नायलॉन आणि पॉलिस्टर ठिणगीनं वितळतं, पेटतं. जाळीची चेन लावली की डास येत नाहीतच. ती चेन दुकानात वीस वेळा मागे-पुढे ओढून बघा, अडकली तर तंबू परत ठेवा.

आणि जागा. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पावसाळ्यात मुलाबाळांना घेऊन इथे तंबूत राहायचा विचारही करू नये. याच लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण पाणी अचानक वाढल्यानं वाहून गेले. कोणत्याही महागड्या तंबूचा अशा पाण्यापुढे उपयोग नाही. हिवाळ्यातसुद्धा कोरड्या ओढ्यात, कड्याच्या टोकाला किंवा एकट्या उंच झाडाखाली तंबू नको. धरणाच्या अगदी काठावरही नको. जमीन कोणाची, राहायची परवानगी आहे का, हे गावात आधी विचारा.

पहिला तंबू विकतच घेतला पाहिजे असं नाही. एका रात्रीसाठी भाड्यानं घेऊन बघा. विकत घेतलात तर निघण्याआधी गच्चीवर दोनदा लावा, एकदा दिवसा आणि एकदा टॉर्चच्या उजेडात. बादलीभर पाणी शिवणींवर ओता आणि आत बसून कुठे थेंब येतो ते बघा. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असेल तर सहसा येत नाही. मात्र कौतुकानं आठवडाभर गच्चीत उभा ठेवू नका, ऊन कापडाला खातं, नायलॉनला तर लवकरच.

घरी परतल्यावर सगळे दमलेले असतात आणि ओला तंबू पिशवीतच राहतो. बहुतेक तंबू मरतात ते इथेच. दमट कापडावरचा पाणी अडवणारा लेप हळूहळू चिकट होतो, वास मारतो, मग पापुद्र्यांसारखा सुटतो. म्हणून त्याच दिवशी तो दोरीवर सावलीत टाका. शिवणी आणि कोपरे सगळ्यात शेवटी वाळतात, तेवढे हातानं चाचपून बघा. मग त्याच्या आवळ पिशवीत न कोंबता जुन्या उशीच्या अभ्र्यात सैलसर ठेवा, आणि काठ्या, तणावे, मेखा मोजून बरोबर घाला.