ओव्हन लख्ख, पण हातांचं काय?

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या बचत गटाला नानकटाईच्या बऱ्याच ऑर्डरी आल्या होत्या. गटाचा ओव्हन, म्हणजे साधा ओटीजी, माझ्याच घरी असतो. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ ट्रेमागून ट्रे निघत होते. पुसायला सवड कुणाला? तुपाच्या ओघळांनी आतल्या भिंती आधी तपकिरी, मग काळ्या झाल्या. शेवटी गटातली एकजण म्हणालीच, "ताई, नानकटाईला जळका वास यायला लागलाय हो."

मी बाजारातून ओव्हन साफ करायचं तयार द्रावण आणलं आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात दिलं. "मावशी, एवढं पुसून टाका," म्हटलं आणि मीटिंगला गेले. हातमोजे घाला, अशी सूचना डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत होती. मी ती वाचली नव्हती. मावशींना वाचता येत नाही.

संध्याकाळी येऊन बघते तर मावशींच्या बोटांची सालं निघालेली. "आधी नुसतं साबणासारखं गुळगुळीत लागलं, मग आग व्हायला लागली," त्या म्हणाल्या. वरून टूथपेस्ट लावून बसल्या होत्या. डॉक्टरांकडे नेलं. पुढचे पंधरा दिवस त्यांना भांड्यांना हात लावता आला नाही. ऐन दिवाळीत चार घरची कामं बुडाली. मी पैसे भरून दिले, पण मनाला लागलेलं काही गेलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, अशा बऱ्याच द्रावणांत कॉस्टिक सोडा असतो. तो जळक्या तुपातेलाचा साबण करून टाकतो, म्हणून डाग पटकन निघतो. पण आपल्या कातडीतल्या स्निग्धपणाचंही तो तेच करतो. ते 'गुळगुळीत लागणं' म्हणजे धोक्याची खूण!

तेव्हापासून आमचा ओव्हन खायच्या सोड्यानेच साफ होतो. रीत अगदी सोपी आहे, फक्त रात्रभर थांबायची तयारी हवी.

आधी प्लग काढून ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. जाळी, ट्रे आणि तळाचा चुऱ्याचा ट्रे बाहेर काढा. आतला चुरा कोरड्या ब्रशने झाडून घ्या. अर्धी वाटी सोड्यात दोन-तीन चमचे पाणी घालून दाटसर लेप करा आणि आतल्या भिंतींना, काचेला लावा. वरखालच्या रॉडना, पंख्याला आणि हवेच्या भोकांना मात्र लेप लागू देऊ नका. सकाळी ओल्या फडक्याने पुसून घ्या. खरवडायचंच असेल तर लाकडी उलथनं घ्या. तारेच्या घासणीने काचेवर ओरखडे पडतात, शिवाय तिचे तुकडे रॉडजवळ अडकण्याची भीती असते.

पुसल्यावर सोड्याची पांढरी पूड राहते. तेवढ्यापुरतं निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर घेऊन फडकं फिरवा. काहीजणी सोडा आणि व्हिनेगर आधीच एकत्र करतात. फसफस छान दिसते, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि हाती उरतं ते जवळजवळ पाणीच. शेवटी साध्या पाण्याने पुसून, दार उघडं ठेवून ओव्हन खडखडीत वाळवा. मग दहा मिनिटं रिकामा चालवा, वास जातो.

जाळी गरम पाण्यात, भांड्यांच्या साबणात तासभर भिजवली की निघते. ॲल्युमिनियमच्या ट्रेला सोडा लावू नका, तो काळा पडतो. त्याला गरम पाणी आणि साबणच पुरे.

मायक्रोवेव्ह असेल तर काम आणखी सोपं. काचेच्या वाडग्यात पाणी, लिंबाच्या चार फोडी आणि एक लाकडी चमचा ठेवून तीन-चार मिनिटं चालवा. नंतर पाच मिनिटं दार उघडू नका. वाफेने डाग सुटतात, नुसतं पुसायचं. आतल्या बाजूला पुठ्ठ्यासारखा पातळ पत्रा असतो, तो अभ्रकाचा. तो काढू नका, भिजवू नका.

काळा थर फारच जुना असेल तर एका रात्रीत जाणार नाही. दुसऱ्या, तिसऱ्या रात्री पुन्हा लेप लावा, पण हातघाईवर येऊन संडास धुण्याचं ॲसिड वापरू नका. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि आपली स्वयंपाकघरं असतात तरी केवढी!

आणि हातावर कॉस्टिक पडलंच, तर टूथपेस्ट, हळद, लिंबू काहीही न लावता वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं हात धरा. बांगड्या-अंगठ्या काढा आणि डॉक्टरांकडे जा. डोळ्यात उडालं तर पाण्याने धूत धूतच दवाखाना गाठा.

खरं तर ओव्हन गार झाल्यावर रोज ओलं फडकं फिरवलं, तर थर साचतच नाही. आता गटात ज्या दिवशी जिची पाळी, तिने ओव्हन पुसूनच घरी जायचं, असं ठरवलंय. यात मीही आले. परवा मी लेप लावत होते, तेव्हा मावशी म्हणाल्या, "ताई, हे तर आपल्या डब्यातलंच होतं की!"

होतं खरं. मैत्रिणींनो, तुमच्याही डब्यात असेल. कुणाच्या हाताची सालं निघेपर्यंत थांबू नका.